सागाचं पान आणि कोळशाचा थर

एप्रिलच्या उन्हात ताडोब्याकडे निघालेल्या पाहुण्याला चंद्रपूरचं जंगल मेल्यासारखं वाटतं. साग उघडाबोडका, पायाखाली चुरचुरणारा पाचोळा. पण ही झाडाची तजवीज असते. पान टाकण्याआधी त्यातली बरीचशी पोषकद्रव्यं झाड खोडाकडे ओढून घेतं. मग देठाच्या बुडाशी पेशींचा पातळ थर तयार होतो आणि पान तिथून सुटतं. पानं नसली की पाणीही उडून जात नाही. पावसाळा लागला की तोच साग सुपाएवढ्या पानांनी झाकला जातो.

बांबूचा बदल याहून भयंकर दिसतो. इथला मानवेल साधारण २५ ते ४५ वर्षांत एकदाच फुलतो, आणि फुलला की बेटंच्या बेटं वाळतात. बी मात्र भरपूर पडतं, पावसात उगवतं, आणि बेट पुन्हा उभं राहतं. जंगलाच्या हिशेबात हा तात्पुरताच बदल. पण नवं बेट तोडणीला येईपर्यंत आठ-दहा वर्षं जातात, आणि सूप-टोपल्या विणून जगणाऱ्या बुरडाच्या घरात ती वर्षं फार मोठी असतात.

मोहाच्या हंगामात तात्पुरतं आणि कायमचं यांतली सीमा आणखी पुसट होते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली पिवळसर, रसाळ फुलांचा सडा पडतो. फुलं नीट वेचता यावीत म्हणून काही जण आधी झाडाखालचा पाचोळा पेटवतात. ती आग पसरली की वणवा. जळालेल्या पानाची राख होते, राखेचं पुन्हा पान होत नाही. तरी मुळं शाबूत असल्याने सागाला, तेंदूला नवे फुटवे येतात. एखाद्या वर्षीची आग जंगल पचवतं. दरवर्षी लागली तर कोवळी रोपं वाढूच शकत नाहीत, म्हातारी झाडं पडतात आणि त्यांच्या जागी काहीच उरत नाही. झाडाखाली जाळी बांधली तर हे टळतं.

कोळशाला मात्र परतीची वाटच नाही. वर्धा खोऱ्यातला कोळसा म्हणजे २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दलदलीत गाडली गेलेली झाडं. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅट क्षमतेच्या महाऔष्णिक वीज केंद्रात तो जळतो, तेव्हा त्याची राख आणि वायू होतात. दुर्गापूर, पद्मापूरच्या खुल्या खाणींत कोळशाआधी वरची माती-मुरूम निघतो, त्याचे डोंगर रचले जातात. गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडला लोहखनिजासाठी डोंगरच फोडला जातो.

खाणीतल्या माती-मुरमाच्या ढिगांवर काही वर्षांत वेडी बाभूळ माजते. वीज केंद्राच्या परिसरातल्या झुडपांत तर वाघही वावरतात. म्हणून कुणी त्याला जंगल परत आलं म्हणेल, पण ते खरं नाही. मोह, येन, तेंदू, खालचं गवत, मातीतली बुरशी यांची ती जुनी सोबत तिथे नसते.

ती सोबत निदान काही अंशी परत यावी असं वाटत असेल तर खोदण्याआधी वरची वीतभर काळी माती वेगळी काढावी लागते आणि लवकरात लवकर भरलेल्या खड्ड्यावर पसरावी लागते. उंच ढिगात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मातीतलं बी आणि सूक्ष्मजीव मरत जातात. खाणीला परवानगी देताना झाडं किती लावणार हे विचारलं जातं. ही माती कुठे, किती दिवस ठेवणार, हेही तितक्याच कडकपणे विचारायला हवं.