कार्ड दिसंना

पैठण गेटजवळचा मोबाइलचा बाजार ऐन भरात आहे. कव्हरांच्या आणि चार्जरच्या टांगलेल्या माळा चुकवत बोळात शिरलं की एक अरुंद जिना लागतो, आणि वर हे दुकान. खोली लहान, त्यात दोन टेबलं, भिंतीला खिळ्यांवर अडकवलेले मदरबोर्ड, कोपऱ्यात उघड्या लॅपटॉपची चळत. सोल्डरिंगच्या फ्लक्सचा वास हवेत भरून राहिलाय. मी माझा कीबोर्ड बदलून घ्यायला आलोय, पण माझ्या आधी बहीण-भाऊ बसलेत आणि त्यांचं काम माझ्याहून निकडीचं आहे. ती विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतेय, प्रकल्प जमा करायची तारीख तोंडावर आलीय. भाऊ वाळूजच्या कंपनीत आहे. पहिली शिफ्ट संपवून, अंगावरचा कंपनीचा शर्टही न बदलता तसाच आलाय.

"वायफाय लागंना का?" दुकानदार विचारतो. त्याला सगळे भाईच म्हणतात.

"लागायचं सोडा भाई, वायफायच राहिलं नाही," ती म्हणते. "बटणच गायब झालंय."

भाईचा हात थांबतो. तो लॅपटॉप आपल्याकडे फिरवून घेतो आणि सेटिंग उघडतो. एरवी जिथं वायफायचं बटण असतं तिथं काहीच नाही. विमानाचं चिन्ह आहे, तार जोडायच्या इथरनेटची ओळ आहे, आणि बस. नेट मंद चालणं वेगळं, पासवर्ड चुकणं वेगळं, राउटर बिघडणं वेगळं. इथं यंत्राला आपल्या पोटात वायफायचं कार्ड आहे हेच ठाऊक नाही.

"दुसरीकडं दाखवलं होतं," भाऊ सांगतो. "ते म्हणले बोर्ड गेला. अठरा हजार."

लॅपटॉप जुना घेतलेला, बावीस हजारांचा. मला ऐकूनच राग येतो. झाकणसुद्धा न उघडता बोर्ड गेल्याचं सांगणारे लोक या धंद्यात कमी नाहीत, आणि अशा एका वाक्यावर घराचं महिन्याचं गणित कोसळतं. भाई मात्र त्यावर काहीच बोलत नाही. तो विचारतो, "ताई, शेवटचं चाललं कधी?"

"मागच्या आठवड्यात एका रात्री. झाकण लावून ठेवला, सकाळी उघडला तर नाही."

"पडला? पाणी-बिणी?"

"नाही."

"त्याच्या आधी मधनंमधनं जायचं का?"

"हो. महिना झाला असेल. जायचं, रीस्टार्ट केलं की परत यायचं."

"खोली तापते का?"

"वरचा मजला आहे," भाऊ म्हणतो. "स्लॅब रात्री अकरापर्यंत गार होत नाही."

भाई मान हलवतो. एवढ्या चार उत्तरांत त्याला बरंच मिळालंय, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

पहिल्यांदा तो फुकटातले उपाय करतो. फंक्शनच्या बटणानं वायरलेस बंद झालेलं नाही ना, विमान मोड चालू नाही ना, बायोसमध्ये कुणी वायरलेसची खूण काढलेली नाही ना. सगळं जागच्या जागी. मग डिव्हाइस मॅनेजर. नेटवर्क ॲडॅप्टरखाली तारेच्या पोर्टचं नाव आणि वॅन मिनीपोर्टच्या ओळी, वायफायचा पत्ता नाही. भाई वरच्या मेनूतून लपलेली उपकरणं दाखवायला सांगतो. आता यादीत एक फिकट, करडी ओळ उमटते. कार्डाचं नाव! बहीण पुढं सरकते. भाई त्या ओळीवर दोनदा क्लिक करून खालच्या आकड्यावर बोट ठेवतो. कोड ४५.

"इथं १० असता तर कार्ड हजर आहे पण सुरू होईना, असं समजायचं. २२ असता तर कुणीतरी बंद करून ठेवलंय. ४५ म्हणजे विंडोजला आठवतंय की इथं कार्ड होतं. आत्ता जोडलेलं नाही म्हणतंय."

"मी ड्रायव्हर टाकून बघितला," भाऊ म्हणतो. "काढला, परत टाकला. काहीच फरक नाही."

"ड्रायव्हर कार्ड दिसल्यावर कामाचा. दिसतच नाही तर तो जाऊन बसणार कुठं?"

चार्जर काढून, लॅपटॉप बंद करून तो पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरतो. आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेला करंट असा निघून जातो, आणि अडकून बसलेलं कार्ड कधीकधी एवढ्यानंच शुद्धीवर येतं. अशी कार्डं आपण बघितलीत, असं भाई सांगतो. हे येत नाही.

आता तो गळ्यातल्या दोरीला अडकवलेला पेनड्राइव्ह काढतो. त्यात उबंटू आहे. लॅपटॉपच्या डिस्कला हात न लावता तो पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालू करणार आहे. विंडोजचा दोष असेल तर लिनक्सला कार्ड दिसेल. दोघांनाही दिसलं नाही तर दोष लोखंडात, म्हणजे हार्डवेअरमध्ये.

उबंटू सुरू व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात भिंतीवरच्या जुन्या यंत्रांकडं माझं लक्ष जातं. लॅपटॉपच्या पोटात वायफाय असणं आज इतकं गृहीत धरलंय की ते गेलं तर हातपाय गळतात. पण २००३च्या मार्चमध्ये इंटेलनं सेंट्रिनो आणलं, तेव्हा कुठं ते अंगचं होऊ लागलं. त्याआधी बाजूच्या खाचेत वेगळं कार्ड खुपसावं लागे. आणि २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आपल्याकडं परवान्यातून मोकळा झाला तो जानेवारी २००५ मध्ये. या मुलीचं सगळं शिक्षण त्यानंतरचं. तिची आकडेवारी, तिच्या मार्गदर्शकांच्या सूचना, प्रकल्पाचा मसुदा सगळं नेटवर ठेवलेलं. तिच्यासाठी लॅपटॉप आणि वायफाय या दोन वस्तू कधी वेगळ्या नव्हत्याच.

काळ्या चौकटीत भाई एलएसपीसीआय टाइप करतो. ओळींची रांग धावते. ग्राफिक्स, आवाज, डिस्क, तारेचं नेटवर्क. वायफायची ओळ नाही. मग तो एलएसयूएसबी टाइप करतो. छोटी यादी येते. कॅमेरा, आणि खाली ब्लूटूथ.

"हे बघा," तो म्हणतो, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा उत्साह येतो. "ब्लूटूथ आहे. वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतंय, पण दोघांचे रस्ते वेगळे. वायफाय पीसीआयवरनं जातंय, ब्लूटूथ यूएसबीवरनं. ब्लूटूथ बोलतंय म्हणजे कार्ड जागेवर आहे, त्याला करंट पोचतोय. एकच रस्ता तुटलाय. आता तो कार्डात तुटलाय का बोर्डात, एवढंच बघायचं राहिलं."

या शहरात वाढलेल्या माणसाला हे ऐकून नहर आठवावी. पाणचक्कीला शहराबाहेरच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येई, आणि वाटेत जागोजागी मनोऱ्यासारखे उंच बंब. बंद नळात डोकावता येत नाही, पाणी कुठवर आलं ते अशा मधल्या ठिकाणीच कळतं. भाई तेच करतोय. एकेका ठिकाणी थांबून, इथवर आलं का ते बघतो आणि मगच पुढं सरकतो. बोर्ड गेला म्हणणाऱ्यानं वाटेत एकदाही थांबून बघितलं नव्हतं.

लॅपटॉप उलटा होतो. स्क्रू निघतात आणि ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं चुंबकाच्या पट्टीवर बसतात, कारण कडेचे लांब आणि मधले आखूड असतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या कीबोर्डपर्यंत घुसतो. कडांतून प्लास्टिकची पट्टी फिरते, तळ कटकट वाजत सुटतो. आत पंख्यावर धुळीचा करडा थर. भाई सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवतो, त्याशिवाय तो कशालाच शिवत नाही.

आणि ते कार्ड. एवढ्या खटाटोपाचा धनी २२ मिलिमीटर रुंद, ३० मिलिमीटर लांब. पोस्टाच्या तिकिटाएवढं. त्याच्या माथ्यावर दोन तारा, एक काळी आणि एक पांढरी, टोकाला तिळाएवढी गोल टोपणं. या तारा बिजागरीतून वर जाऊन पडद्याच्या कडेला लपलेल्या अँटेनांना मिळतात. भाई नखानं टोपणं सरळ वर उचलतो. तिरकी ओढली तर कार्डावरची गादी उपटून येते. मग एकुलता एक स्क्रू काढतो. तो निघताच कार्ड आपोआप तिरकं उभं राहतं, आणि भाई त्याच तिरक्या रेषेत ते खाचेतून ओढून घेतो.

भिंगातून बघतो. सोनेरी पट्ट्या जरा काळवंडल्यात. भाऊ विचारतो, खोडरबरनं घासायचं का.

"बरेच घासतात. पण सोन्याचा मुलामा कितीसा असतोय? दोनदा घासलं की तांबं उघडं." तो कापडाचा कोपरा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पट्ट्या पुसतो, खाचेत फुंकणीनं हवा मारतो, कार्ड परत बसवतो. बॅटरी जोडतो, पेनड्राइव्ह लावतो, त्याच दोन आज्ञा देतो.

ब्लूटूथ आहे. वायफाय नाही.

बहिणीचा चेहरा उतरतो. भाई ड्रॉवर उघडतो. त्यात काळ्या-चंदेरी पाकिटांत जुन्या लॅपटॉपमधून काढलेली कार्डं आहेत, प्रत्येकावर पेननं लिहिलंय: चालू. तो एक निवडायला लागतो, तेवढ्यात भाऊ पिशवीतून एक नवंकोरं पाकीट काढतो.

"मी ऑनलाइन मागवलंय भाई. घालून बघितलं, पण तेही दिसंना. म्हणून तर बोर्ड गेल्याचं खरं वाटलं."

भाई पाकीट उजेडाकडं धरून नंबर वाचतो. एएक्स २०१.

"प्रोसेसर कुठला तुमचा? एएमडी. हे तिथं कधीच दिसणार नाही. नवं असलं तरी. २०१ हे अर्धंच कार्ड आहे, बाकीचं अर्धं डोकं इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरात असतंय. तुम्हाला २०० पाहिजे होतं. ते पुरं कार्ड, एएमडीवर पण चालतंय."

दोन्हींची मापं तीच, खाच तीच, नावात शेवटचा एक आकडा वेगळा. चुकीचं कार्ड खाचेत अगदी बेमालूम बसतं, काही जळत नाही, काही वाजत नाही, फक्त दिसत नाही. आणि त्या न दिसण्यातून एका धडधाकट बोर्डावर मेल्याचा शिक्का बसतो. कंपन्यांनी हे पाकिटावर ठळक अक्षरांत छापायला हवं, असं मला मनापासून वाटतं. काही जुन्या लॅपटॉपमध्ये तर याहून वाईट प्रकार होता. बायोसमध्येच चालणाऱ्या कार्डांची यादी भरलेली असे, आणि यादीबाहेरचं कार्ड घातलं की यंत्र सुरू व्हायलाच नकार देई. ज्याचा लॅपटॉप त्यालाच त्यात काय बसवावं याची मुभा नाही.

भाई ड्रॉवरमधलं एएक्स २०० बसवतो. तारा मुद्दामच जोडत नाही. पडद्यावर ओळी धावतात, आणि भाईच्या आधी ती ओरडते, "आलं! नेटवर्क कंट्रोलर!"

भाऊ खुर्चीतून उठूनच उभा राहतो. अठरा हजार त्याच्या डोक्यावरून उतरताना मला दिसतात.

"थांबा, अजून एक दाखवतो," भाई म्हणतो. वायफायची यादी उघडतो. तीत एकच नाव आहे, टेबलाखालच्या त्याच्या स्वतःच्या राउटरचं. मग तो काळी तार कार्डावर ठेवून अंगठ्याच्या नखानं दाबतो. टिक. पांढरी. टिक. यादी भराभर खाली वाढते, खालची दुकानं, समोरचा क्लास, कुणाचा तरी मोबाइल. "तार सुटली तर रेंज जाते. कार्ड गायब होत नाही. म्हणून मी तारांकडं आधी बघितलं नाही."

कुठं शिकलात, असं मी विचारतो. शहागंजला मामाच्या दुकानात, रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीवर, तो मान वर न करता सांगतो. त्याच्याकडं पदवी आहे की नाही मी विचारत नाही. कारण आणि परिणाम इतके स्वच्छ वेगळे करून दाखवणारे शिक्षक मला वर्गांतही फार भेटलेले नाहीत.

पेनड्राइव्ह निघतो, विंडोज सुरू होतं. तिथं नव्या कार्डाचा ड्रायव्हर नाही, आणि ड्रायव्हर उतरवायला नेट हवं. भाई भावाचा फोन केबलनं लॅपटॉपला जोडतो आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करतो. कोपऱ्यात नेटची खूण उमटते.

"हे असं पण चालतं?" बहीण विचारते.

"वायफायचा काही संबंध नाही ह्याला. कार्ड गेलं तरी फोन आणि केबल असली की काम अडत नाही ताई. पुढच्या वेळी ध्यानात ठेवा."

ड्रायव्हर बसतो, बटण परत येतं. तळ बंद करायच्या आधी ब्रशनं पंख्याची धूळ निघते, स्क्रू आपापल्या जागी जातात. ती टेबलाच्या कडेलाच लॅपटॉप मांडीवर ओढून मसुदा वर चढवायला लागलीय. भाई कार्डाचे सातशे आणि कामाचे तीनशे सांगतो, कार्ड जुनं असल्याचं दोनदा बजावतो आणि तीन महिन्यांत काही झालं तर बदलून द्यायचं कबूल करतो. भाऊ घासाघीस करत नाही.

तो आपल्या एएक्स २०१ कडं बघतोय. "परत करायची मुदत उद्यापर्यंत आहे भाई," फोनवर ऑर्डर उघडत तो म्हणतो. "कारण विचारतंय. खराब माल लिहू का?"

"खराब कशाला? माल चांगला आहे," भाई म्हणतो. "लिहा, प्रोसेसरला जुळत नाही."