पिशवीला हात लावण्याआधी

कापसाचे पैसे हाती आले की यवतमाळच्या दत्त चौकात, पुसद-वणीच्या बाजारात कापड दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. ढिगातली एखादी साडी गायब होते ती याच गर्दीत. संशय आलाच, तर ‘ताई, आणखी काही दाखवू का?’ म्हणत नोकराने जवळ जाऊन उभे राहावे. पुष्कळदा एवढ्यावरच वस्तू जागेवर परत येते.

पिशवीची किंवा अंगाची झडती घेण्याचा अधिकार दुकानदाराला नाही; गिऱ्हाइकाने आपणहून दाखवले तर गोष्ट वेगळी. त्यात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यांनी वेगळीच गंमत केली आहे. ५,००० रुपयांच्या आतली साधी चोरी आता अदखलपात्र आणि जामीनपात्र. सामान्य नागरिकाला अटकेची मुभा आहे, पण ती डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र, अजामीनपात्र गुन्ह्यात. तेव्हाही ६ तासांच्या आत पोलिसांकडे सोपवायचे. म्हणजे आठशेच्या साडीपायी बाईला गोदामात कोंडले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली वर्षभरापर्यंतची कैद मालकालाच होऊ शकते. त्यापेक्षा पोलिसांना ११२ वर फोन लावावा, सीसीटीव्हीचे चित्रण पोलिसांसाठी जपून ठेवावे. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर ते फिरवण्याची खोड मात्र सोडावी; संशय खोटा निघाला तर बदनामीचा खटला दुकानावर येतो.