आडव्या फांदीवरचं बिऱ्हाड

घरातलं रान : भाग ६

दिवसा हिरवा अजगर दिसतो तो जवळजवळ एकाच बैठकीत. आडवी फांदी, तिच्या दोन्ही अंगांना लोंबणारी वेटोळी आणि त्या वेटोळ्यांच्या मधोमध टेकवलेलं डोकं. घोड्यावर खोगीर टाकावं तसं ते शरीर फांदीवर टाकलेलं असतं. न्यू गिनी, तिच्या लगतची इंडोनेशियाची बेटं आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचा केप यॉर्क द्वीपकल्प हे त्याचं मूळ घर. पण गेली कित्येक दशकं जर्मनी, ब्रिटन, अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या घरांतही तो नांदतो आहे. १८७४ साली त्याला ‘काँड्रोपायथॉन’ असं नाव मिळालं होतं. शास्त्रज्ञांनी ते पुढे सोडून दिलं. पाळणाऱ्यांच्या तोंडी मात्र ‘काँड्रो’ अजून आहे.

मागच्या भागात जमिनीवर वावरणाऱ्या सापांची पेटी पाहिली. तिची मांडणी तळापासून सुरू होते : खाली काय पसरायचं, आडोसा कुठे ठेवायचा. काँड्रोची पेटी फांदीपासून सुरू होते, आणि बहुतेक नवखे इथेच चुकतात.

साप झाडावरचा म्हणजे पेटी उंच हवी, असं कुणालाही वाटेल. म्हणून कपाटासारखी उभी, अरुंद पेटी घरात येते. गरम हवा वर जाते. त्यामुळे त्या पेटीचा माथा तापतो आणि तळ गार राहतो. काँड्रोचा ओढा उंचावरच्या जागेकडे असतो. अशा पेटीत त्याला उंची हवी तर उकाडा सोसावा लागतो आणि गारवा हवा तर खाली उतरावं लागतं. म्हणून जाणकार उंचीइतकीच रुंदीही देतात. पूर्ण वाढलेल्या, दीड मीटरच्या आसपासच्या सापाला ६० सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीची पेटी साधारणपणे पुरते. ९० सेंटिमीटर रुंदी मिळाली तर उत्तमच. आतल्या दोन-तीन दांड्या जवळपास सारख्याच उंचीवर बसवतात. एका टोकाची दांडी उबेत, दुसऱ्या टोकाची गारव्यात. उबेच्या जागी तापमान ३० ते ३१ अंश सेल्सिअस आणि गार टोकाला २४-२५ असेल, तर साप स्वतःची ऊब स्वतः निवडतो.

दांडीची जाडी सापाच्या शरीराच्या मधल्या जाडीएवढी किंवा किंचित कमी. फार बारीक असली तर वजन नीट तोलत नाही, फार जाड असली तर वेटोळं बसत नाही. खाली इतकी मोकळी जागा हवी की लोंबती वेटोळी तळाला टेकणार नाहीत. दांडी ठोकून पक्की करण्याऐवजी दोन्ही बाजूंच्या खाचांत नुसती अडकवलेली बरी. साफसफाईच्या वेळी दांडीसकट साप उचलून बाजूला ठेवता येतो, त्याला हात लावावा लागत नाही. काँड्रोचे पुढचे दात लांब असतात, पण खरी काळजी सापाचीच आहे. कोवळं पिल्लू फांदीवरून ओढून सोडवताना शेपटीच्या मणक्यांना इजा होऊ शकते, आणि तिथे पडलेला बाक जन्मभर राहतो.

उष्णता वरून द्यायची, म्हणून छताला सपाट हीटर लावतात आणि तो थर्मोस्टॅटला जोडतात. पेटीत उघडा बल्ब टांगणं धोक्याचं. साप त्याला विळखा घालतो आणि भाजतो.

पाण्याचं गणित सर्वांत जास्त फसतं. वर्षावनातला साप म्हणून पेटी सतत ओली ठेवली, तर बुरशी धरते आणि त्वचेचे विकार होतात. कोरडी ठेवली, तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. संध्याकाळी भरपूर फवारा मारायचा आणि दुसऱ्या दुपारपर्यंत पेटी वाळू द्यायची, हा मधला मार्ग. फवाऱ्यानंतर साप स्वतःच्या वेटोळ्यांवर साचलेले थेंब पितो. पावसात भिजताना रानातही तो तेच करतो. तळाला साधा कागद पुरतो. त्यावर विष्ठा लगेच दिसते, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण जास्त खाऊ घातलेल्या, हालचाल कमी असलेल्या काँड्रोमध्ये मलावरोध आणि त्यातून आतडं बाहेर येणं हे ओळखीचं संकट आहे.

पिल्लांची पेटी वेगळी. ती जन्मतः पिवळी किंवा विटकरी असतात, लांबीने फूटभर. केप यॉर्कमधल्या अभ्यासात दिसलं की पिवळी पिल्लं रानाच्या कडेला आणि झाडोऱ्यातल्या मोकळ्या जागांत शिकार करतात आणि साधारण ५५ सेंटिमीटर लांबीला हिरवी होऊन वरच्या पानोऱ्यात जातात. मोठ्या पेटीत एवढंसं पिल्लू बुजतं आणि खाणं सोडतं. त्याला छोटा डबा आणि पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दांड्या द्याव्या लागतात.

पण पेटीआधीचा प्रश्न आहे : साप आला कुठून? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने इंडोनेशियातल्या प्रजनन केंद्रांचा माग काढला. ‘केंद्रात जन्मलेले’ म्हणून निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांपैकी किमान ८० टक्के रानातून पकडलेले होते, असा त्यांचा अंदाज निघाला. अंड्यांची टरफलं जपून पुरावा म्हणून दाखवावीत, असा उपाय त्या संशोधकांनी सुचवला. रानातून ओरबाडून आणलेल्या सापाला कितीही नेटकी पेटी दिली तरी तो अन्याय भरून निघत नाही. म्हणून चोख पाळणारे पैदास करणाऱ्याकडे पिल्लाच्या आईवडिलांची आणि अंडी उबवल्याची नोंद मागतात.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट असावी. सह्याद्रीतले हरणटोळ आणि चापडा हेही झाडावरचेच साप, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते पकडून घरात ठेवता येत नाहीत. हिरव्या अजगरासारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी प्राण्यांची नोंद २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते.

अंधार पडला की पेटीतलं चित्र बदलतं. वेटोळी सैल होतात, मान खाली लोंबते, ओठांवरचे उष्णता टिपणारे खळगे तळाकडे रोखले जातात आणि साप तासन्‌तास तसाच थांबतो. नवजात पिल्लू मात्र समोर धरलेल्या उंदराच्या पिल्लाकडे पाहतही नाही. त्याला पहिला घास घ्यायला लावण्यासाठी कोंबडीच्या पिल्लाच्या पिसांचा वास कसा कामी येतो, ते पुढच्या भागात.