सुकाणूची समांतरता आणि जलवाहतुकीचे अर्थकारण

जलवाहतूक हे तुलनेने स्वस्त व इंधनाची बचत करणारे साधन मानले जाते. ही बचत मात्र आपोआप हाती पडत नाही. ती नौकेच्या देखभालीवर अवलंबून असते. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याकडे जाणाऱ्या जोडकायेच्या प्रवासी नौकांसारख्या दोन इंजिनांच्या नौकांमध्ये सुकाणूंची जुळणी हा या देखभालीचा एक दुर्लक्षित भाग आहे.

न दिसणारा तोटा

दोन इंजिने, दोन पंखे आणि प्रत्येक पंख्यामागे एक सुकाणू अशी अनेक नौकांची रचना असते. दोन्ही सुकाणू एका जोडदांड्याने बांधलेले असतात. पंख्याने मागे लोटलेला पाण्याचा झोत सुकाणूच्या पात्यावर तिरका आदळला की बाजूला ढकलणारे बल निर्माण होते व नौका वळते.

दोन्ही सुकाणू एकाच बाजूला कललेले असतील, तर नौका सरळ जात नाही आणि दोष लगेच लक्षात येतो. परंतु ते परस्परविरुद्ध दिशांना सारखेच कललेले असतील, तर दोन्ही बाजूंची बले एकमेकांना छेदतात आणि नौका सरळच जाते. पाण्याचा विरोध मात्र छेदला जात नाही. त्याची बेरीज होते. परिणामी चालकाला दोष जाणवत नाही आणि तोटा इंधनाच्या बिलात दडून राहतो.

उदाहरणादाखल, ताशी ६० लिटर डिझेल लागणारी नौका दिवसाला ६ तास व वर्षातून २५० दिवस चालली, तर तिला ९०,००० लिटर इंधन लागेल. विरोधामुळे केवळ २ टक्के वापर वाढला, असे मानले तरी वर्षाला १,८०० लिटर डिझेल वाया जाईल.

जुळणीची पद्धत

नौका पाण्याबाहेर घेऊन प्रथम सुकाणूचे दांडे, धारवे व सांधे झिजलेले नाहीत ना, हे तपासतात. द्रवदाबावर चालणाऱ्या यंत्रणेतील हवा काढून टाकतात. त्यानंतर चालकचक्र मध्यावर आणून दोन्ही पात्यांच्या पुढच्या कडांमधील आणि मागच्या कडांमधील अंतर समान उंचीवर मोजतात. दोन्ही अंतरे समान असल्यास पाती समांतर आहेत. फरक आढळल्यास जोडदांड्याची लांबी कमीजास्त करून तो दूर करतात. काही नौकांत पात्यांची थरथर टाळण्यासाठी निर्माता मुद्दाम अल्प फरक ठेवतो. अशा वेळी त्याची पुस्तिका प्रमाण मानावी. शेवटी दोन्ही बाजूंना पाती सारख्याच अंशांनी वळतात का, हे पाहून नटबोल्ट पक्के करतात.

यानंतर पाण्यावरील चाचणी होते. दोन्ही इंजिनांचे फेरे समान ठेवूनही नौका एका बाजूला ओढत असेल, तर पंख्यांतील बिघाड किंवा भाराचे असंतुलन शोधावे लागते. चाचणीची जागाही महत्त्वाची आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिन-चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान नौका नियंत्रण सुटल्याने 'नीलकमल' या प्रवासी नौकेवर आदळली व १५ जणांचा मृत्यू झाला. कोणतीही यांत्रिक चाचणी प्रवासी मार्गांपासून दूर घेणे किती अगत्याचे आहे, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

धोरणात्मक अंग

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे तीन मुद्दे संभवतात. पहिला, देखभालीचा खर्च आज डोळ्यांना दिसतो, तर बचत विखुरलेली व उशिरा मिळणारी असते. म्हणून देखभाल पुढे ढकलली जाते. दुसरा, अपघाताची किंमत केवळ मालक मोजत नाही. प्रवासी व इतर नौकाही मोजतात. हा नकारात्मक बाह्य परिणाम होय आणि शासकीय सर्वेक्षणाचे समर्थन त्यातूनच होते. १९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ ने नोंदणी, सर्वेक्षण व कर्मचाऱ्यांची पात्रता यांबाबत देशभर एकसमान चौकट घालून दिली. तिसरा, इंधनावरील सवलत दिलासा देते, तथापि इंधन वाचविण्याची प्रेरणा क्षीण करते. महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी नौकांना डिझेलवरील मूल्यवर्धित कराची प्रतिपूर्ती दिली जाते. या नौका बहुधा एकाच इंजिनाच्या असल्या, तरी हा युक्तिवाद त्यांनाही लागू पडतो. सवलतीला तांत्रिक तपासणीची जोड दिल्यास दोन्ही उद्दिष्टे साधता येतील.

जलमार्गांच्या विकासात धक्के व नौका यांवरील भांडवली खर्च ठळकपणे दिसतो. त्या खर्चाचे फळ मात्र फूटपट्टी हाती घेऊन दोन पात्यांमधील अंतर मोजणाऱ्या प्रशिक्षित कारागिरावरही तितकेच अवलंबून आहे.