पाषाणचा विकर, नौपाड्याची कॅप्सूल

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडवरच्या औषधाच्या दुकानांत अमॉक्सिसिलिन रोज विकलं जातं. घसा धरला, दाढ ठणकली की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बरेचदा तेच असतं. बुरशी मात्र हे औषध थेट बनवत नाही. बुरशीपासून मिळालेल्या पेनिसिलिनची बाजूची साखळी आधी छाटतात आणि उरलेल्या गाभ्याला, म्हणजे ६-एपीएला, नवी साखळी जोडतात. ही छाटणी पूर्वी रसायनांनी, उणे ४० अंशांच्या आसपास होई. आता ती जिवाणूंचा विकर (एन्झाइम) कोमट पाण्यात करतो. त्याचं नाव पेनिसिलिन अ‍ॅसिलेज.

यातली खरी करामत वेगळीच आहे. बाजूची साखळी अमाइड बंधाने जोडलेली असते; गाभ्यातल्या चौकोनी कड्यातही तसाच बंध असतो, आणि ताणामुळे तो जास्त कमकुवत. तो तुटला की औषध निकामी. तरी विकर त्याला शिवत नाही. शेजारचाच, अधिक चिवट बंध तोडतो. तो नेमकं काय करतो, हे त्याचा आकार पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं.

अशा एका विकराचा आकार पाहिला पुण्यातल्या, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने. सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या यॉर्कच्या गाय डॉडसन यांच्या गटाबरोबर बॅसिलस स्फेरिकस या जिवाणूच्या पेनिसिलिन व्ही अ‍ॅसिलेजचे स्फटिक वाढवले, क्ष-किरणांनी अणूंच्या जागा शोधल्या आणि १९९९ मध्ये रचना प्रसिद्ध केली. चार सारख्या साखळ्यांचा हा रेणू. प्रत्येकीच्या अगदी टोकाला सिस्टीन हे अमिनो आम्ल, आणि त्याचं गंधक बंधावर हल्ला करतं. पण साखळी तयार होते तेव्हा सिस्टीनच्या पुढे आणखी तीन अमिनो आम्लं असतात. ती आपोआप गळून पडल्यावरच विकर जागा होतो. कुलपाने स्वतःची किल्ली घडवावी तसं हे!

ई. कोलाय या जिवाणूच्या पेनिसिलिन जी अ‍ॅसिलेजमध्ये त्याच जागी सेरिन आहे. दोघांच्या अमिनो आम्लांचा क्रम जुळत नाही, घडी मात्र एकच. नुसता क्रम वाचून हे नातं उमगलं नसतं.

पुढे २००६ मध्ये याच गटाने अस्मिता प्रभुणे यांच्यासह आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरियमचा पित्तक्षार तोडणारा विकर उलगडला. तोही याच घराण्यातला निघाला.

मग जिवाणू हा विकर बाळगतात कशासाठी? आपल्या कॅप्सूलसाठी नक्कीच नाही. पुंडले यांच्या गटाला २०१७ मध्ये एक धागा मिळाला: काही जिवाणूंचे असे विकर इतर जिवाणूंचे संदेशवाहक रेणू तोडतात, आणि त्यामुळे स्युडोमोनास या जिवाणूची रोगकारकता घटते.