शरीराचे वजन हेच साधन : ‘व्यायाम’ या संकल्पनेचा विचार



व्यायाम म्हटले की आज डोळ्यांसमोर जिमची यंत्रे येतात. यंत्रांशिवाय, आपल्याच शरीराच्या वजनावर केलेला विविध हालचालींचा व्यायाम कसा उपयुक्त ठरतो, हे या घटकात आपण पाहणार आहोत.

१. शब्दाचा अर्थ

‘व्यायाम’ हा तत्सम शब्द ‘वि + आ + यम्’ यांपासून सिद्ध झाला आहे. येथे ‘यम्’ म्हणजे ताणणे, ओढणे. तर ‘वि’ या उपसर्गातून निरनिराळ्या दिशांचा बोध होतो. विविधता अशी मूळ अर्थातच सूचित आहे. ‘तालीम’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ शिक्षण. म्हणूनच पैलवानाची जशी तालीम असते, तशी नाटकाचीही असते. अर्थात, व्युत्पत्ती हा शरीरशास्त्राचा पुरावा नव्हे. तो प्रत्यक्ष हालचालींतच शोधावा लागतो.

२. श्रम आणि व्यायाम

केज तालुक्यातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. दिवसभर कोयता चालवणाऱ्या आणि मोळी वाहणाऱ्या व्यक्तीला व्यायामाची काय गरज, असा प्रश्न तुम्हाला पडेल. परंतु या श्रमात वाकणे आणि ओझे उचलणे याच हालचाली पुनःपुन्हा होतात. कधी थांबायचे हे शरीर नव्हे, तर काम ठरवते. अशा शरीराला आधी विश्रांती हवी आणि नंतर विरुद्ध दिशेचा हलका ताण. दुकानात किंवा कचेरीत बसून काम करणाऱ्याचे शरीर मात्र एकाच स्थितीत आखडते. दोघांचे जीवन वेगळे असले, तरी उणीव विविधतेचीच आहे.

३. परंपरेतील हालचाली

जोर काढताना छाती, खांदे व दंड काम करतात. बैठकांत मांड्या व नितंब. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रसार केलेल्या सूर्यनमस्कारांत पाठीचा कणा पुढे-मागे वाकतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केलेल्या मल्लखांबात शरीर वर ओढून धरावे लागते. घरी मजबूत फांदीला लोंबकळणे हा त्याचा सोपा पर्याय होय.

जिममध्ये वजन वाढवतात. येथे शरीराचा कोन बदलतात. जोर प्रथम भिंतीला हात टेकून, मग ओट्याच्या कडेवर आणि शेवटी जमिनीवर काढावेत. बैठका आधी खुर्चीपर्यंत बसून कराव्यात. गुडघेदुखी, हृदयविकार किंवा गर्भावस्था असल्यास डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. रोज अर्धा तास भरभर चालणे पाच दिवस केले, तरी पहिली अट पूर्ण होते.

सारांश : ढकलणे, ओढणे, बसणे-उठणे, वाकणे आणि चालणे या पाचही हालचालींना आठवड्यात स्थान मिळाले, तर व्यायामाचा हेतू साधतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. श्रम आणि व्यायाम यांतील फरक स्पष्ट करा.
२. तुमच्या रोजच्या कामातील हालचालींची नोंद करा. वरील पाचांपैकी कोणती हालचाल त्यात नाही, ते लिहा.