स्कॅन म्हणजे नकाशा नव्हे: आयर्लंडच्या जुन्या टोपोशीट्स जमवणं आणि डिजिटल करणं

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोललो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय जरा लांबचा आहे, थेट आयर्लंडचा. तिथले जुने टोपोग्राफिक नकाशे जमवायचे कसे, स्कॅन करायचे कसे, आणि मुळात ही उठाठेव करायची कशासाठी, हे आज बघू. मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे पिक्सेल आणि फाइल्सबद्दल जास्त बोलेन. पण आधी थोडा इतिहास लागेल, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

नकाशा काढला करासाठी

१८२४ मध्ये ब्रिटिश सरकारनं आयर्लंडचा सर्व्हे सुरू केला. कारण अगदी व्यवहारी होतं. स्थानिक कर बसायचा तो 'टाउनलँड' या जमिनीच्या सगळ्यात लहान एककावर. असे टाउनलँड होते ६० हजारांच्या वर, त्यांच्या सीमा नीट नोंदलेल्या नव्हत्या आणि जुनी आकारणी असमान होती. मग ऑर्डनन्स सर्व्हेच्या थॉमस कोल्बीकडे काम आलं. सीमा ठरवायचं काम रिचर्ड ग्रिफिथकडे होतं.

प्रमाण ठरलं एका मैलाला सहा इंच, म्हणजे १:१०,५६०. पहिली काउंटी, लंडनडेरी, १८३३ मध्ये छापून आली आणि शेवटची, केरी, १८४६ मध्ये. एकूण जवळपास १९०० शीट्स, सगळ्या तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या. एवढ्या मोठ्या प्रमाणावर अख्ख्या देशाचा नकाशा त्या काळात विरळाच होता.

यात आपल्याकडचा एक धागा आहे. मोजणीची पायारेषा आखली ती लॉख फॉयल या खाडीजवळ, १८२७-२८ मध्ये, जवळपास आठ मैल लांब. उन्हानं धातू प्रसरण पावतो आणि माप चुकतं, म्हणून कोल्बीनं लोखंड आणि पितळ यांच्या जोडपट्ट्या बनवल्या. दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात, त्याचा असा मेळ घातला की पट्टीवरच्या दोन खुणांमधलं १० फुटांचं अंतर बदलू नये. १८२९ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट हे काम बघायला आयर्लंडला गेला. तशाच पट्ट्या तो भारतात घेऊन आला आणि कलकत्त्याची पायारेषा त्यांनीच मोजली. हो, शिखराला ज्याचं नाव आहे तोच एव्हरेस्ट.

या शीट्स इतक्या मोलाच्या का?

तारखा जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. नकाशे पूर्ण झाले १८४६ मध्ये. बटाट्यावर करपा पडायला सुरुवात झाली १८४५ मध्ये. त्यातून आलेल्या महादुष्काळात माणसं मेली, उरलेल्यांतली कितीतरी जहाजात बसून निघून गेली. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती. १८५१ मध्ये ती ६५ लाखांवर आली. म्हणजे पहिल्या आवृत्तीचा नकाशा हा दुष्काळाच्या आधीच्या देशाचा शेवटचा फोटो आहे म्हणा ना. दाटीवाटीनं वसलेल्या वाड्या त्यात घराघरासकट दिसतात. पुढे १:२,५०० प्रमाणाचे जास्त बारकाईचे नकाशे आले, पण ते १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून. तोवर त्यातल्या कित्येक वाड्या उठून गेल्या होत्या.

आता कोणी म्हणेल, जनगणनेत नावं असतील की. नाहीत. जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये यादवी युद्धाची पहिली लढाई झाली, स्फोट झाला आणि तिथलं सरकारी अभिलेखागार जळलं. १८२१ ते १८५१ या चारही जनगणनांचे बहुतेक मूळ कागद त्यात गेले. प्रत एकच होती, तीही गेली. नकाशे वाचले, कारण ते छापलेले होते आणि ठिकठिकाणी पोचले होते. ग्रिफिथची १८४७ ते १८६४ मधली जमीन-घर आकारणी वाचली तीही छापल्यामुळेच. आज अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात बसून कोणी आपल्या खापरपणजोबांचं घर शोधतो, तेव्हा त्याच्या हातात असतात या दोनच गोष्टी: आकारणीतलं नाव आणि नकाशावरचा चौकोन.

जमवताना काय बघायचं

सुरुवातीला सहा-इंचीच्या मागे लागू नका. एक-इंची मालिका २०५ शीट्सची आहे आणि अर्धा-इंची (१:१२६,७२०) मालिकेत अवघ्या २५ शीट्समध्ये अख्खं बेट येतं. अर्धा-इंची १९११ ते १९१८ दरम्यान रंगीत निघाली. उंचीनुसार रंगाचे थर आहेत, दिसायलाही सुरेख.

शीट हातात आली की आधी समास वाचा. तिथे सर्व्हेचं साल, कोरल्याचं साल, सुधारणेचं साल आणि छपाईचं साल अशा वेगवेगळ्या तारखा असतात. विक्रेता त्यातली सगळ्यात जुनी सांगतो, हे ओघानं आलंच. पण तांब्याच्या पत्र्यावर नंतर भर घालता येत असे. सर्व्हे रेल्वेच्या आधीचा आणि नकाशावर मात्र रेल्वेमार्ग, असं दिसलं तर ती छपाई नंतरची. चारही तारखा वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवा. 'साल' असा एकच रकाना केलात तर पुढे गोंधळ ठरलेला.

कॉपीराइटचंही बघा. आयर्लंडमध्ये सरकारी प्रकाशनांचा हक्क ५० वर्षांनी संपतो, उत्तर आयर्लंडला लागू असलेला ब्रिटिश क्राउन कॉपीराइटही तसाच. ओपनस्ट्रीटमॅपच्या आयरिश स्वयंसेवकांनी टाउनलँडच्या सीमा अशाच हक्क संपलेल्या नकाशांवरून गिरवल्या. मात्र एखाद्या ग्रंथालयानं केलेला स्कॅन वापरणार असाल, तर त्यांच्या अटी आधी वाचा.

स्कॅन केला, पुढे?

थोडा हिशोब करू. सहा-इंची पूर्ण शीट ३६ बाय २४ इंचांची, म्हणजे जमिनीवरचे ६ बाय ४ मैल. ४०० डीपीआयवर स्कॅन केली तर १४,४०० बाय ९,६०० पिक्सेल. रंगीत आणि न दाबलेली टिफ फाइल झाली साधारण ४१५ एमबीची. १९०० शीट्स म्हणजे पाऊण टीबीच्या वर. आज एका हार्डडिस्कमध्ये मावेल. एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर ६७ सेंटिमीटर. घर, विहीर, कुंपण सगळं दिसतं.

पण या फाइलला आपण कुठे आहोत हे माहीत नसतं. ते सांगणं म्हणजे जिओरेफरन्सिंग. जुन्या नकाशावरचा आणि आजच्याही नकाशावर असलेला एकच बिंदू निवडायचा, चर्चचा कोपरा, पूल, टाउनलँडच्या सीमांचा तिठा, आणि दोन्ही जोडायचे. क्यूजीआयएससारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे होतं. बिंदू कोपऱ्यांत आणि मध्ये सारखे पसरलेले हवेत. एकाच गावात वीस बिंदू घेतले तर उरलेली शीट कुठेही सरकते.

तीन अडचणी येतातच.

पहिली, कागद. दमटपणानं तो आकसतो, फुगतो. अर्धा टक्का जरी आकसला तरी सहा मैलांच्या शीटमध्ये ४८ मीटरचा फरक पडतो. एवढ्यात घर शेजारच्या शेतात जातं. कापडावर चिकटवलेल्या नकाशात घडीच्या जागी कागद कापून फट सोडलेली असते. तिथे प्रत्येक तुकडा वेगळा कापून मगच जोडायचा.

दुसरी, प्रक्षेपण. सहा-इंची शीट्स कॅसिनी प्रक्षेपणावर आहेत आणि प्रत्येक काउंटीचा आरंभबिंदू वेगळा. शिवाय पहिल्या आवृत्तीत काउंटीची हद्द संपली की पलीकडचा भाग कोरा. दोन काउंट्यांच्या शीट्स नुसत्या कडेला कड लावून जुळत नाहीत.

तिसरी, उंची. आकडे फुटांत आहेत हे लक्षात येतं, पण शून्य कुठलं? एकोणिसाव्या शतकातल्या पुढच्या शीट्सवर ते आहे डब्लिनच्या पूलबेग दीपगृहाजवळचं ८ एप्रिल १८३७ चं ओहोटीचं पाणी. आजच्या उंच्या मोजतात मॅलिन हेडच्या सरासरी समुद्रपातळीपासून. दोन्हींत साधारण २.७ मीटरचा फरक आहे. नुसतं फुटांचं मीटर केलंत तर टेकडी तेवढी उंच राहते.

नावांचं काय?

नकाशावरची अक्षरं लांब लांब, वळणावळणानं कोरलेली असतात. ओसीआर तिथे हात टेकतो. नावं माणसानंच वाचून टाइप करावी लागतात, आणि तिथे आणखी एक गुंता आहे. सर्व्हेसाठी जॉन ओ'डोनोव्हन गावोगाव फिरला, लोकांकडून आयरिश नावं ऐकली, जुन्या कागदांतली रूपं गोळा केली. छापताना मात्र ती इंग्रजी वळणानं गेली. वस्तीसाठी असलेल्या आयरिश शब्दाचं 'बॅली' झालं, टेकडीच्या शब्दाचं 'नॉक', ओकच्या राईचं 'डेरी'. ब्रायन फ्रीलचं १९८० चं नाटक 'ट्रान्सलेशन्स' याच प्रसंगावर उभं आहे.

म्हणून डेटाबेसमध्ये तीन रकाने करा: नकाशावर छापलंय ते नाव जसंच्या तसं, आजचं इंग्रजी नाव आणि आयरिश नाव. तिसऱ्यासाठी 'लोगेनम' हा स्थळनामांचा अधिकृत डेटाबेस खुला आहे. छापलेलं नाव चुकीचं वाटलं तरी सुधारू नका. ती 'चूक' हाच पुरावा असतो.

ठेवायचं कसं

मूळ टिफला हात लावू नका. कंट्रोल पॉइंट्स वेगळ्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. उद्या जुळवायची चांगली पद्धत आली तर पुन्हा बिंदू शोधावे लागणार नाहीत. प्रक्षेपण, तारखा, स्कॅनचा डीपीआय हे सगळं शीटच्या नावानंच सोबत असू द्या. आणि प्रती करा. एक आपल्याकडे, एक दुसऱ्या शहरात, एक कुठल्यातरी खुल्या संग्रहात. हार्डडिस्क बंद पडायला तोफ लागत नाही. फोर कोर्ट्समध्ये जे जळलं ते एकाच जागी होतं, नकाशे अनेक जागी होते, म्हणून आज आपण त्यांच्याबद्दल बोलू शकतोय.

प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेईन. भेटूच!